आजाऱ्याच्या मनात काय होतं?

आज आपण अशा विषयावर बोलणार आहोत, ज्याचं नाव काढलं की घरातली मोठी माणसं म्हणतात, "अशुभ बोलू नका गं." विषय आहे आयसीयूचा, म्हणजे अतिदक्षता विभागाचा. आत आपलं माणूस बेशुद्ध आहे, डॉक्टर कागद पुढे करून सही मागताहेत, आणि निर्णय आपल्याला घ्यायचा आहे. तो कसा घ्यायचा?

आपल्या जिल्ह्यात ही वेळ कशी येते, ते तुम्हाला ठाऊक आहे. पेशंट सेनगावचा असो की औंढ्याचा, आधी हिंगोलीला आणतात, तिथून बऱ्याचदा नांदेडला पाठवतात. 108 ची गाडी, रात्रीचा प्रवास, अनोळखी शहर. सोबत चार पुरुष मंडळी असतात. डॉक्टर त्यांच्याशीच बोलतात. घरची बाई डबा धरून बाहेर बाकावर बसलेली असते. आजाऱ्याला सहा महिने भरवलेलं, पुसलेलं, रात्री कुशीवर वळवलेलं तिनेच. पण तिला कोणी विचारत नाही.

आमचं आजचं सांगणं आहे की तिला विचारा. आपल्याला काय वाटतं, हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न असा, की आजाऱ्याला स्वतःला बोलता आलं असतं तर तो काय म्हणाला असता? हे शुश्रूषा करणारीला सगळ्यांत जास्त ठाऊक असतं.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग तुम्हाला आठवत असतील. 27 नोव्हेंबर 1973 रोजी त्यांच्यावर रुग्णालयातच अत्याचार झाला. मेंदूला कायमची इजा झाली. तेव्हा त्या 25 वर्षांच्या होत्या. पुढची जवळजवळ 42 वर्षं त्या अंथरुणावर होत्या. त्यांना अशा अवस्थेत जगवत ठेवू नये, असा अर्ज लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात केला. 7 मार्च 2011 ला न्यायालयाने तो नामंजूर केला. अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा हक्क कोणाचा, यावर न्यायालयाने सांगितलं की तो केईएमच्या परिचारिकांचा आणि कर्मचाऱ्यांचा, कारण इतकी वर्षं त्यांनी त्यांना सांभाळलं. आणि त्या म्हणत होत्या, अरुणाला जगू द्या. 18 मे 2015 ला अरुणाताई गेल्या.

त्या निकालाबद्दल लोकांची मतं वेगवेगळी आहेत. पण सांभाळणाऱ्या हातांचं म्हणणं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ऐकलं, तर आपल्या घरात ते का ऐकू नये? दुसरी गोष्टही ध्यानात घ्या. खुद्द अरुणाताईंच्या मनात काय होतं, हे कोणालाच कळलं नाही. पंचविशीतल्या पोरीला असं कोण विचारतं?

आता कायदा काय म्हणतो ते सोप्या शब्दांत. 9 मार्च 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, आणि 24 जानेवारी 2023 ला त्याची पद्धत सोपी केली. कोणीही सज्ञान माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवू शकतो, की बरं होण्याची आशा नसेल तर मला यंत्रांवर ठेवू नका, आणि माझ्या वतीने अमुक माणसाने बोलावं. दोन साक्षीदार लागतात, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही लागते. कागद नसेल तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने विचार होऊ शकतो. पण तो एकट्या डॉक्टरच्या हातात नाही. उपचार करणारे डॉक्टर आणि दोन अनुभवी तज्ज्ञ आधी तपासतात, मग तिघांचं दुसरं मंडळ तपासतं, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. म्हणून यंत्र थांबवायला हो म्हणणाऱ्या घराला "मारून टाकलं" म्हणू नका. मरण आजारामुळे येतं.

पण व्हेंटिलेटर म्हणजे शेवट, असंही समजू नका. मण्यार किंवा नाग चावलेला माणूस काही दिवस व्हेंटिलेटरवर राहून आपल्या पायांनी घरी येतो. लवकर आशा सोडणंही चूक, म्हणून आधी डॉक्टरांना विचारायचं. वहीत हे पाच प्रश्न लिहून ठेवा.

एक, नेमकं काय झालंय? दोन, हे यंत्र आजार बरा करेल, की फक्त वेळ काढून देईल? तीन, वाचला तर कसा जगेल? माणसं ओळखेल का, हाताने जेवेल का? चार, फरक पडतोय की नाही, ते किती दिवसांनी कळेल? पाच, यंत्र नको म्हटलं तर दुखणं आणि धाप कमी करायला काय देणार?

कळलं नाही तर "साहेब, साध्या भाषेत सांगा" म्हणा. माहिती मिळणं आणि दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेणं हा पेशंटचा हक्क आहे. घरातल्या एकानेच डॉक्टरांशी बोलावं, पण शेजारी शुश्रूषा करणारी उभी असावी. केंद्र सरकारच्या आयसीयूबाबतच्या सूचनाही सांगतात, की पेशंटने किंवा जवळच्या नातेवाइकांनी समजून-उमजून नकार दिला असेल तर आयसीयूत ठेवू नये.

पैशाचंही उघड बोला. रात्रीतून रान विकायचा शब्द देण्याआधी आरोग्यमित्राला शोधा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. आपला आजार त्यात बसतो का, ते विचारा. आणि घरी न्यायचं ठरलं, तर "आमच्या जबाबदारीवर नेतो" म्हणून सही करून तसंच निघू नका. धाप लागली, कळा आल्या तर कोणतं औषध द्यायचं, कोणाला फोन करायचा, हे लिहून घ्या. उपचार थांबले तरी सेवा थांबत नाही. तोंड ओलं करणं, कूस बदलणं, हात धरून बसणं, हेही औषधच आहे.

शेवटचं शेजारणींसाठी. अशा घरी भेटायला गेलात तर "मुंबईला का नाही नेलं?" असं विचारू नका. त्या एका वाक्याने ती बाई वर्षानुवर्षं जळत राहते. भाकरी घेऊन जा, लेकरं सांभाळा, आणि म्हणा, "जे केलंस ते त्यांच्या मनासारखं केलंस."

आणि हे म्हणता यावं, म्हणून मन आधी माहीत हवं. या आठवड्यात हळद शिजवताना म्हणा की भाकरी थापताना, सासूला, नवऱ्याला, आईला विचारा, "तसली वेळ आली तर तुम्हाला काय हवं?" तुमचं स्वतःचंही सांगून ठेवा. अशुभ काही होत नाही. उलट उद्या कोणाला एकटीने ओझं वाहावं लागत नाही.