टेबलाच्या दोन्ही बाजूंना

आज पदवी घेणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यातल्या कित्येकांच्या डोक्यात आत्ता पोलीस भरती घोळत असेल, याची मला कल्पना आहे. सोयगाव, बनोटी, गोंदेगाव, फर्दापूरकडची पोरंपोरी पहाटे रस्त्यावर पळतात ती हौसेखातर नव्हे. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, वर गोळाफेक, मग लेखी. कुणी तलाठ्याची परीक्षा देतंय, कुणी एमपीएससीला बसलंय. म्हणजे काही वर्षांत तुमच्यातले काही जण सरकारी टेबलाच्या आत बसलेले असतील आणि बाकीचे अर्ज घेऊन बाहेर उभे असतील. आज मात्र तुम्ही सगळे एकाच मांडवात आहात. म्हणून कौतुकाचं बोलणं थोडक्यात आवरतो आणि ज्यावरून लोकांच्या मनात राग साठत चाललाय, त्या विषयाकडे येतो. सामान्य माणसावर कायदा ज्या वेगाने धावून येतो, त्या वेगाने तो वर्दीवाल्यापर्यंत का पोचत नाही?

फार लांबचं उदाहरण नको. परभणी आपल्या मराठवाड्यातलीच. 10 डिसेंबर 2024 रोजी तिथे रेल्वे स्टेशनजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली. दुसऱ्या दिवशी बंद पुकारला गेला आणि त्याला हिंसक वळण लागलं. दुकानांची, गाड्यांची मोडतोड झाली. ती चूकच होती. ज्यांचं दुकान फुटलं त्यांचा काहीही दोष नव्हता. लगेच धरपकड झाली. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी होते. वय 35, कायद्याचे विद्यार्थी, तुमच्यासारखेच परीक्षा देणारे. 15 डिसेंबरला कोठडीत असताना त्यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदन आपल्याच छत्रपती संभाजीनगरला झालं आणि अंगावरच्या अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे मृत्यूचं कारण अहवालात आलं. तरीही मारहाण झालेली नाही, असं सरकारने त्याच महिन्यात विधानसभेत सांगितलं.

आता पुढच्या तारखा नीट ऐका. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला, तरी गुन्हा नोंदला गेला नाही. सोमनाथ यांच्या आई विजयाबाई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात गेल्या. खंडपीठाने 4 जुलै 2025 ला गुन्हा नोंदवायचा आदेश दिला. त्याविरुद्ध राज्य सरकार थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. 30 जुलैला तिथेही त्याचं म्हणणं टिकलं नाही. दगडफेकीच्या आरोपावरून माणूस आत टाकायला एक-दोन दिवस पुरले. त्याच माणसाच्या मृत्यूचा नुसता गुन्हा दाखल व्हावा म्हणून त्याच्या आईला साडेसात महिने आणि देशाचं सर्वोच्च न्यायालय लागलं. शिक्षा तर लांबच राहिली, मी फक्त पहिल्या कागदाबद्दल बोलतोय.

याच परभणीचा ख्वाजा युनूस. शिकलेला, इंजिनिअर मुलगा. घाटकोपरच्या बॉम्बस्फोटानंतर डिसेंबर 2002 मध्ये त्याला पकडलं आणि जानेवारी 2003 मध्ये तो कोठडीतून नाहीसा झाला. जीप दरीत कोसळली तेव्हा तो पळून गेला, असं पोलीस म्हणाले. सीआयडीच्या तपासात ती कथा खोटी ठरली. 14 पोलिसांवर खटला चालवावा अशी शिफारस झाली. सरकारने परवानगी दिली ती फक्त चौघांवर. त्या चौघांना खटला संपायच्या आतच, जून 2020 मध्ये, पुन्हा सेवेत घेतलं गेलं. त्यातल्या सचिन वाझेंचं नाव पुढच्या वर्षी आणखी एका प्रकरणात देशभर गाजलं. ख्वाजाच्या आई आसिया बेगम मात्र वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिल्या.

आता ही बाब तुमच्या भरतीला लावून बघा. एखाद्या मोर्चात तुमच्यावर गुन्हा दाखल झाला, तर चारित्र्य पडताळणीत तुमची नेमणूक अडकते. कोर्टाने अजून काही ठरवलेलं नसलं तरी अडकते. आणि कोठडीतल्या खुनाचा खटला अंगावर असलेला अधिकारी मात्र कामावर परत येतो. लोक चिडतात ते इथे. पोलीस कडक आहेत म्हणून आपला माणूस रागावत नाही. उलट गावात चोऱ्या वाढल्या की कडक फौजदार पाठवा म्हणून तोच निवेदन देतो.

हे दुखणं जुनं आहे. 1888 मध्ये पुण्याचे कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्यावर लाचखोरीचे आरोप झाले. मुंबईतल्या मंडईला ज्याचं नाव होतं, तोच हा माणूस. तुम्हाला धक्का लागणार नाही, असं सरकारने वचन दिलं म्हणून मामलेदारांनी आम्ही पैसे दिले अशी साक्ष दिली. चौकशीत साहेब लाचेच्या आरोपांतून सुटले आणि खरं बोलणाऱ्या काही मामलेदारांच्या नोकऱ्या गेल्या. टिळक त्यांच्या बाजूने उभे राहिले, 1889 मध्ये पुण्यात जाहीर सभा झाली. वरचा सुटतो आणि खालचा बळी जातो, हे तेव्हाही होतं. आजही प्रकरण पेटलं की हवालदार निलंबित होतो आणि साहेबांची बदली होते. बदलीला शिक्षा म्हणणं लोकांनी आता बंद केलं पाहिजे.

कायद्यात वाटा नाहीत असं नाही. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, लोकसेवकावर खटला चालवण्याच्या परवानगीचा निर्णय सरकारने 120 दिवसांत घ्यायचा आहे. नाही घेतला तर परवानगी मिळाली असं धरलं जातं. पूर्वी अशा फायली मंत्रालयात वर्षं-वर्षं पडून राहत. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार आली की ती नोंदवलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच सांगितलंय. ठाण्यांत सीसीटीव्ही लावायचा आदेश 2020 चा आहे.

पण हे सगळं ठरतं ते शेवटी ठाणे अंमलदाराच्या टेबलावर. विहिरीवरची मोटार चोरीला गेलेला शेतकरी सकाळी येतो. साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या, असं ऐकतो. दुसऱ्या दिवशी त्याचा अर्ज साध्या कागदावर घेतला जातो, त्यावर ना शिक्का, ना नंबर. तिसऱ्या खेपेला त्याच्यासोबत पुढारी असतो आणि मग पाच मिनिटांत काम होतं. तो शेतकरी घरी काय शिकून जातो, सांगा. परभणीची साडेसात महिन्यांची वाट याच टेबलापासून सुरू होते.

जे टेबलाच्या बाहेर असतील त्यांना माझं सांगणं एवढंच की दगड उचलू नका. दगडाने तुमचंच करिअर जातं आणि समोरच्याला निमित्त मिळतं. विजयाबाईंनी कागद धरून ठेवला, म्हणून राज्य सरकारला हार खावी लागली. अर्जाची पोच मागा. ठाण्याने गुन्हा घेतला नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, तरीही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. गावातल्या ज्याला लिहिता येत नाही, त्याचा अर्ज तुम्ही लिहून द्या. आता पदवीधर आहात तुम्ही.

आणि ज्यांच्या अंगावर वर्दी चढेल त्यांना हात जोडून विनंती. एक दिवस तुमच्याच ठाण्यातल्या सहकाऱ्याविरुद्ध कुणीतरी म्हातारी तक्रार घेऊन तुमच्यासमोर येईल. वरून फोन येईल, शेजारचा डोळ्यांनी खुणावेल. तिला बसायला खुर्ची द्या, ती सांगेल तसं लिहा, वाचून दाखवा, आणि गुन्हा त्याच दिवशी नोंदवून त्याची प्रत तिच्या हातात द्या. ती फुकट द्यायची असते.