कोरड्या हवेतली चोरटी वीज

हिवाळ्यात अंगातला नायलॉनचा स्वेटर काढताना चट्‌चट् आवाज येतो. आपण तो हसण्यावारी नेतो. पण मोबाइल किंवा टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कारागिराला तसे करून भागायचे नाही.

पुलगाव हे कापसाच्या मुलखातले गाव. इथे पूर्वी कापडगिरणी चालत असे. सूतगिरणीत हवा मुद्दाम दमट ठेवतात. का? हवा कोरडी झाली की घर्षणाने तंतूंवर विद्युत्भार साचतो, ते एकमेकांना दूर लोटतात आणि धागा तुटू लागतो. दुरुस्तीच्या टेबलावर संकट तेच, फक्त धाग्याच्या जागी चिप.

एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे हवेतली आर्द्रता पुष्कळदा २० टक्क्यांच्या आसपास उतरते. अशा हवेत गालिच्यावरून चालणाऱ्या माणसाच्या अंगावर ३५,००० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. दमट हवेत तोच १,५०० च्या घरात राहतो. दाब मोठा, पण साठा चिमूटभर, म्हणून माणसाला इजा होत नाही. सुमारे ३,००० व्होल्टांच्या खाली तर चटकाही जाणवत नाही. आणि काही नाजूक चिपांना १०० व्होल्टदेखील पुरे होतात! म्हणजे चिप मेली तरी मारणाऱ्याला पत्ता नाही. कधी ती नुसती जायबंदी होते, आठ दिवस चालते नि बंद पडते. मग गिऱ्हाईक दारात उभे: "भाऊ, तुम्ही माझा चांगला पार्ट काढून घेतला." मजुरी गेली ती गेलीच, वर नावही गेले.

उपाय मनगटी पट्ट्याचा. त्याच्या तारेत दहा लाख ओहमचा रोध असतो. त्यातून भार हळूहळू जमिनीत उतरतो, आणि चुकून २३० व्होल्टांना हात लागलाच तर शरीरातून जमिनीकडे जाणारा प्रवाह त्या रोधाने अत्यल्प राहतो. म्हणून उघडी तार मनगटाला गुंडाळण्याचा घरगुती शहाणपणा कृपा करून करू नका. चालू टीव्ही उघडून काम करताना पट्टाच काढून ठेवा. बोर्ड साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा थर्माकोलवर ठेवू नये. तो ज्या रुपेरी पिशवीत आला तीच जपावी. अंगात टेरिकॉटपेक्षा सुती सदरा बरा. कूलरने हवेत ओल येते, मात्र त्याचे तुषार टेबलावर पडता कामा नयेत.

हे सारे ज्या अर्थिंगवर अवलंबून, ते मात्र आधी तपासून घ्या. कित्येक दुकानांत तीन भोकांच्या सॉकेटमागे तिसरी तारच नसते. असली, तरी उन्हाळ्यात खड्ड्यातली माती वाळते. तिथे आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी ओतावे.