वाटेवरचे तास कोणाच्या खात्यावर?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



शहर बरे की खेडे बरे, हा वाद महाराष्ट्रात फार जुना आणि फार लाडका आहे. तो लोकलच्या डब्यात रंगतो, तसाच एस.टी.च्या फलाटावरही रंगतो. डब्यातला गृहस्थ कडीला लोंबकळत सांगतो की, निवृत्त झालो की गावी जाईन, चार कलमे लावीन, पाखरांच्या आवाजाने जागा होईन. त्याच वेळी तिकडे तालुक्याच्या स्थानकावर दोन तास गाडीची वाट पाहणारा तरुण मनाशी ठरवीत असतो की, काहीही करून मुंबई नाहीतर पुणे गाठायचे. दोघेही प्रामाणिक असतात. दोघांनाही ह्या गप्पांसाठी सवड मिळते ती मात्र वाटेवर. कारण घरी पोहोचले की झोप आणि कामावर पोहोचले की काम. तेव्हा ह्या वादात कोणाची बाजू खरी हे ठरविण्याआधी, तो वाद ज्या जागी बसून, किंबहुना उभे राहून, चालतो त्या जागेकडे समाजवादी कार्यकर्त्याने पाहिले पाहिजे.

थोर माणसांनीही हा वाद घातला आहे आणि त्यांच्या लेखी तो करमणुकीचा विषय नव्हता. गांधीजींनी १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’मध्ये रेल्वेलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या गौरवगाथेवर कठोर प्रहार केला. गावकुसाबाहेर काढलेल्यांना खेडे म्हणजे काय हे कोणी पुस्तकातून शिकवावे लागत नाही. तथापि शहराने जात वेशीबाहेर ठेवली, असेही झाले नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्याचे दार अस्पृश्य कामगारांना बंद होते, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. पगार त्याच खात्यात अधिक होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. खेडे निर्मळ नाही आणि शहर मुक्त नाही, हे एकदा मान्य केले की पुढचा प्रश्न उरतो तो असा : कष्टकऱ्याला ह्या दोहोंत निवड करण्याची मुभा कधी होती काय?

नव्हती. कोकणातला, घाटावरचा माणूस गिरणीत आला तो खेडे सोडून आला नाही. बायकोमुले गावी, आपण चाळीत किंवा खानावळीच्या आधाराने गाळ्यात, गणपतीला आणि शिमग्याला जाणे, दरमहा मनिऑर्डर. गावी त्याला चाकरमानी म्हणत आणि मुंबईत गाववाला. म्हणजे दोन्हीकडे तो दुसरीकडचा. आजारी पडला तर गाव त्याला सांभाळी, संप लांबला तर गावचे तांदूळ येत, म्हातारपण तर गावाच्याच पदरात. मुंबईच्या मजुरीतली तूट अशी खेड्याने, आणि त्यातही खेड्यातल्या बाईने, वर्षानुवर्षे भरून काढली. मालकाच्या ताळेबंदात हा आकडा कुठे दिसत नाही. शहर आणि खेडे ह्यांची तुलना करणारे विद्वान त्या दोघांना तराजूच्या दोन पारड्यांत घालतात. प्रत्यक्षात ती एकाच संसाराची दोन दालने होती आणि मधला रस्ता तुडवणारा माणूस एकच होता.

तरी त्या काळातल्या गिरणी कामगाराजवळ एक गोष्ट होती, तिची किंमत नंतर कळली. तो कामाला चालत जाई. परळ, लालबाग, डिलाईल रोड, नायगाव इथल्या चाळींना भोंगा ऐकू येत असे. खोली दहा बाय दहाची, नळ सामाईक, संडासापुढे रांग. त्या चाळींचे गोडवे गाण्याचे काही कारण नाही. पण पाळी सुटल्यावर कामगार काही मिनिटांत घरी पोहोचे, आणि उरलेल्या वेळात व्यायामशाळा, भजनीमंडळ, कामगार रंगभूमी, युनियनची सभा हे सारे बसे. चळवळीला माणूस मिळतो तो ह्या उरलेल्या वेळातून. आज शाखेच्या बैठकीला माणसे येत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. माणसांची निष्ठा आटली असे ठरविण्यापूर्वी त्यांची सायंकाळ कुठे गेली, हे शोधावे.

ती सायंकाळ जमिनीच्या किमतीने नेली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मिटलाच नाही. गिरण्या बसल्या, आणि बसलेल्या गिरणीची जमीन चालत्या गिरणीपेक्षा मोलाची ठरली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले होते : एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक गृहनिर्माण मंडळाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती आकुंचित केली. इमारती पाडून जी जमीन निघेल ती तीत धरली नाही. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. गिरणगावात मनोरे उभे राहिले. कामगाराचा मुलगा त्याआधीच डोंबिवली, कल्याण, बदलापूर, विरार असा गाडीच्या पाटीवरून पुढे पुढे सरकत गेला होता. आता तो त्या मनोऱ्यांत रखवालदार किंवा कारकून म्हणून सकाळी परत येऊ लागला. आणि २०२५ च्या जुलैत वृद्ध गिरणी कामगार आझाद मैदानावर जमले ते कशासाठी? त्यांना देऊ केलेली घरे शेलू आणि वांगणीला होती, बदलापूरच्याही पलीकडे. जो माणूस भोंगा ऐकून चालत कामावर गेला, त्याच्या हक्काचे घर शासनाला तिथे सापडले.

आता साधा हिशेब मांडावा. बदलापूर-विरारकडच्या माणसाचे घराच्या उंबऱ्यापासून कामाच्या दारापर्यंत जायला-यायला मिळून दिवसाला तीन तास धरले, तर फार धरले असे कोणी म्हणणार नाही. वर्षातले कामाचे दिवस ३०० धरले तर ९०० तास होतात. आठ तासांचा दिवस ह्या मापाने ते ११२ दिवस भरतात. म्हणजे हा कामगार वर्षाकाठी पावणेचार महिने अशी चाकरी करतो, जिचा हजेरीपट नाही, मजुरी नाही, आणि तिकीट पदरचे. बाईच्या बाबतीत हा हिशेब अजून अपुरा आहे. पहाटे चारला उठून दोन डबे भरणारी आणि परतीच्या गाडीत मांडीवर भाजी निवडणारी बाई प्रवास करते की स्वयंपाक, हे तिलाही सांगता येणार नाही. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर महिलांची पहिली खास गाडी सुरू झाली, ती सोय मोलाची आहेच. पण भाजी त्या गाडीतही निवडली गेली.

नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुटी मिळाली. त्या रविवारी आता मेगाब्लॉक असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, जादा कामाला कामगाराची संमती लागेल, असे त्यावर सांगितले गेले. संमतीचा अर्थ कंत्राटी कामगाराला विचारावा. बारात वाटेवरचे तीन मिळवले की पंधरा होतात. उरलेल्या नवांत झोप, आंघोळ, आजारी आई आणि मुलाचा अभ्यास ह्यांची वाटणी कशी करायची, हे कोणत्याही कायद्यात सांगितलेले नाही.

हे सारे मुंबईचे दुखणे आहे, खेड्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण प्रवास शहरात आणि विसावा खेड्यात, ही कल्पना खेड्यात न राहणाऱ्यांची आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, तेव्हापासून खेड्याचा दवाखाना, कॉलेज, कचेरी, बाजार हे सर्व त्या गाडीच्या वेळापत्रकाला बांधलेले आहेत. २०२१ च्या अखेरीस एस.टी. कामगारांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. कामगारांची मागणी न्याय्य होती. त्या तुटपुंज्या पगारात संसार चालत नव्हता. पण त्याच काळात, टाळेबंदीनंतर नुकत्याच उघडलेल्या शाळांची वाट मुलींना चालत तुडवावी लागली किंवा सोडून द्यावी लागली. वडापची जीप भावाला चालते, बहिणीला घरचे तीत बसू देत नाहीत. मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले आणि गाड्या बायकांनी भरून वाहू लागल्या. एवढ्या बायकांना कुठेकुठे जायचे होते आणि त्या इतकी वर्षे घरी बसल्या होत्या, ही गोष्ट शहर-खेडे वादातल्या कोणत्याही पक्षाने कधी नोंदवली नव्हती.

खेड्यातच आणखी एक माणूस आहे, त्याने घर आणि काम ह्यांमधले अंतर पार मिटवून टाकले आहे. बीडकडचा ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास कोयता, भांडी, पोरे, सगळा संसार ट्रॅक्टरवर घालून निघतो आणि कारखान्याच्या आसपास पाचटाच्या कोपीत राहतो. काम दाराशी आले. त्यासाठी शाळा, रेशन आणि बाईचे आरोग्य मात्र गावी राहिले. कामाजवळ राहणे एवढीच मागणी केली तर मालकवर्ग ती कोपी बांधूनही पुरी करू शकतो, हे ह्यातून लक्षात यावे.

ह्या वाटेविषयी कायदा काय म्हणतो? १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात ‘कामामुळे व कामाच्या ओघात’ झालेला अपघात एवढेच शब्द होते, आणि घर ते कारखाना ही वाट सर्वसाधारणपणे त्याबाहेर ठेवली गेली. सौराष्ट्रातल्या एका मिठाच्या कारखान्याचे कामगार काम आटोपून होडीने खाडी ओलांडताना बुडाले. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, ते कामावर नव्हते. पुढे बेस्टचा एक बसचालक पाळी संपवून बेस्टच्याच दुसऱ्या बसने घरी निघाला असता अपघातात गेला. १९६३ साली त्याच न्यायालयाने बहुमताने म्हटले, तो कामावर होता, कारण ती बस त्याला नोकरीचा भाग म्हणून वापरता येत होती. राज्य विमा कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने घर ते कामाची जागा ह्या प्रवासातला अपघातही कामावरचा मानला गेला. आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या वारसांना न्याय दिला. पहाटे तीनच्या पाळीसाठी तो मोटारसायकलवरून निघाला होता आणि कारखाना पाच किलोमीटरांवर असताना २००३ साली गेला. निकाल यायला बावीस वर्षे लागली. तरी न्यायालयाने जोडलेले नाते महत्त्वाचे आहे : कामाची वेळ आणि जागा ह्यांच्याशी संबंध दिसत असेल तर वाट हा कामाचा भाग आहे.

मुंबईच्या उपनगरी रुळांवर २०२३ आणि २०२४ ह्या दोन्ही वर्षी दर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे मेली. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ वळणावर दारात लोंबकळणारे प्रवासी एकमेकांवर आदळून पडले, त्यांत किमान चौघे गेले. त्यांतल्या काहींच्या वारसांना नव्या निकालाचा आधार मिळेलही. पण कायद्याची ही सारी प्रगती मेलेल्या प्रवाशासाठी आहे. जो रोज पोहोचतो आणि रोज परततो, त्याची वाट अजून कोणाच्याच खात्यावर नाही.

अपवाद एक आहे आणि तो खेड्यातून आलेला आहे. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीने जे मूळ धरले, त्यातून पुढे २००५ चा राष्ट्रीय कायदा झाला. त्यात तरतूद होती की काम शक्यतो गावापासून पाच किलोमीटरांच्या आत द्यावे. त्यापलीकडे दिले तर प्रवासासाठी व राहण्यासाठी दहा टक्के जादा मजुरी द्यावी. खडी फोडणाऱ्या बाईची वाट कायद्याने मोजली. कल्याणहून येणाऱ्या कंत्राटी कामगाराची का मोजता येऊ नये, ह्याला उत्तर नाही.

घरांच्या बाजूने पाहिले तरी मार्ग अगदीच अज्ञात नाही. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यातल्या जमिनीवर सामान्यांची घरे व्हावीत म्हणून मृणालताई गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेचा लढा दिला, आणि गोरेगावला दिंडोशी येथे हजारो घरे उभी केली. कर्जतला नव्हे, मुंबईत. महाराष्ट्राने तो कायदा २००७ साली रद्द केला. तेव्हा विरोध झाला, पण तो थोडक्यांनी केला; बाकीचे बहुधा गाडीत होते.

युनियनच्या मागणीपत्रकात महागाई भत्ता असतो, घरभाडे भत्ता असतो. काही ठिकाणी वाहतूक भत्ताही असतो, पण तो तिकिटाचा असतो, तासांचा नसतो. पुढल्या कराराच्या आधी प्रत्येक शाखेने एक वही घालावी. घर कुठे सोडले, किती वाजता, कामाच्या दारात किती वाजता, परत उंबऱ्यात किती वाजता, एवढीच चार रकानी नोंद पंधरवडाभर ठेवावी. स्त्रियांच्या वहीत पहाटे उठल्याची वेळ हा पाचवा रकाना घालावा. तालुक्याच्या शाखांनी आगारात जाऊन शेवटची गाडी किती वाजता सुटते आणि कॉलेजचा शेवटचा तास किती वाजता संपतो, हे शेजारी शेजारी लिहावे. जिथे गाडी आधी सुटते तिथल्या आगारप्रमुखाकडे त्या मुलींनाच घेऊन जावे, आणि ती वही बरोबर न्यावी.