मागून येणाऱ्यांसाठी : प्रशिक्षिका व्हिव्हियन स्ट्रिंगर



आज मी अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय प्रशिक्षिकेविषयी चार शब्द बोलणार आहे. महिला महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये व्हिव्हियन स्ट्रिंगर यांनी १०५५ सामने जिंकले. राष्ट्रीय अजिंक्यपद मात्र एकदाही मिळाले नाही. तरीही त्यांचे नाव आदराने घेतले जाते. का, ते पाहू.

त्यांचा जन्म १९४८ साली पेनसिल्व्हेनियातील एका खाणकामगाराच्या घरी झाला. शाळेत मुलींचा बास्केटबॉल संघच नव्हता. म्हणून संघाला प्रोत्साहन देणाऱ्या मुलींच्या पथकासाठी त्यांनी चाचणी दिली, पण वर्णामुळे डावलले गेले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणारे एक कार्यकर्ते घरी आले आणि दाद मागण्याचा आग्रह धरू लागले. मुलगी कचरत होती. वडिलांनी समजावले, की हा प्रश्न तुझ्या एकटीचा नाही, पुढे येणाऱ्या मुलींचाही आहे. ती शाळा मंडळापुढे उभी राहिली आणि तिला पथकात जागा मिळाली.

१९७१ मध्ये त्या चेनी स्टेट येथे प्रशिक्षक झाल्या. ही १८३७ साली कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेली संस्था. तेथे पैशांची चणचण कायमचीच. संघाचे काम त्यांनी मानधनाविना सुरू केले. पुरुष संघाचे प्रशिक्षक जॉन चेनी आणि त्या एकाच व्यायामशाळेत आपापल्या संघांचा सराव घेत. १९८२ साली याच लहानशा संस्थेचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचला. लुइझियाना टेकने तो ७६-६२ असा जिंकला. त्याच हंगामात त्यांच्या चौदा महिन्यांच्या मुलीला मेंदूज्वर होऊन कायमचे अपंगत्व आले होते.

पुढे त्या आयोवा विद्यापीठात गेल्या. १९९२ मध्ये पतीचे अचानक निधन झाले. तो आघात सोसून १९९३ मध्ये त्यांनी आयोवाला उपान्त्य फेरीत नेले. २००० साली रटगर्सला तेथवर नेल्यावर, तीन वेगवेगळ्या संस्थांना हा टप्पा गाठून देणाऱ्या त्या पहिल्या प्रशिक्षक ठरल्या.

२००७ मध्ये रटगर्सचा संघ अंतिम सामन्यात हरला. दुसऱ्याच दिवशी एका रेडिओ निवेदकाने या मुलींविषयी वर्णद्वेषी, हीन उद्गार काढले. स्ट्रिंगर यांनी मुलींना लपवले नाही. त्यांना सोबत घेऊन त्या पत्रकारांसमोर बसल्या. या आमच्या शिकणाऱ्या, गुणी मुली आहेत, हे त्यांनी देशाला ठणकावून सांगितले. निवेदकाची नोकरी गेली. २००९ मध्ये बास्केटबॉलच्या सन्मान-दालनात त्यांचा समावेश झाला. २०२२ मध्ये त्या निवृत्त झाल्या.

बंधू-भगिनींनो, आपल्याही घरात मुलीने मैदानावर जायचे म्हटले, की कपाळावर आठ्या पडतात. 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न आधी येतो. त्या खाणकामगाराने लोकांचा नव्हे, मागून येणाऱ्या मुलींचा विचार केला. बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली. ते माप आपण आपल्या घरापासून लावू या. आणि विद्यार्थिनींनो, तुम्हाला जागा मिळाली, तर दार मागच्यांसाठी उघडे ठेवा.

जयभीम! जय भारत!