जुन्या मोटारीचा कार्बोरेटर आणि तो घडवून देणारा कारागीर



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण हे विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. तेथे आम्ही कार्बोरेटरावर बोलावयास उभे राहिलो हे पाहून काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटले आहे. ते आम्हांस येथून दिसते. परंतु या सभागृहाबाहेर ज्या गाड्या उभ्या असतील त्यांत दोनचार जुन्या चेतक स्कूटरी, एखादी येझदी, एखादी मारुती ८०० असावयाचीच. त्यांच्या धन्यांस अलीकडे एक अनुभव येऊ लागला आहे. गाडी सकाळी उठत नाही, उठली तर थांबते, चढावर धाप टाकते. मिस्त्री म्हणतो, "साहेब, कार्बोरेटर बदला." आणि बदलावयाचा तर नवा मिळत नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले, आणि दुचाकींतूनही कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. मोटारींतून तो त्याच्या कितीतरी आधी गेला होता. तेव्हा आता एकच मार्ग उरतो. छोट्या जागेत लेथ आणि ड्रिल मांडून बसलेल्या एखाद्या कारागिराकडून तो घडवून घ्यावयाचा. हा व्यवहार कसा करावा, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. हवेची वाट अरुंद केली की तेथे तिचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. व्हेंचुरी या इटालियन पंडिताने १७९७ साली हे लिहून ठेवले. त्या अरुंद गळ्यात पेट्रोलची बारीक नळी सोडली की उतरलेल्या दाबामुळे पेट्रोल आपोआप वर ओढले जाते आणि त्याचा फवारा होतो. त्या नळीच्या तोंडाशी पितळेचा एक एवढासा स्क्रू असतो आणि त्याला मधोमध भोक असते. त्याला जेट म्हणतात. गाडीने किती प्यावे हे ते भोक ठरविते. बाकीचा सारा कार्बोरेटर म्हणजे त्या भोकाची उठबस ठेवणारा परिवार आहे.

शुद्ध पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. आता पंपावर जे मिळते त्यात २० टक्क्यांपर्यंत एथेनॉल असते. ते उसापासून, मक्यापासून आणि तांदळापासूनही होते. आपल्या धानाच्या जिल्ह्याने यावर नाराज व्हावे की खूश व्हावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु एथेनॉलास हवा कमी लागते, एका भागास केवळ ९ भाग. म्हणून या मिश्रणास सुमारे १३.५ भाग हवा पुरते. दुसऱ्या शब्दांत, तेवढ्याच हवेला इंधन आठनऊ टक्के अधिक हवे. नव्या गाडीतील संगणक हा हिशेब आपला आपण करतो. जुन्या गाडीतले भोक मात्र कारखान्यातून निघाले त्या दिवशी जेवढे होते तेवढेच आहे. ते बिचारे काय करणार?

येथे एक मौज पाहा. सोलेक्स पद्धतीच्या जेटवर जो आकडा कोरलेला असतो तो भोकाच्या व्यासाचा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. त्याजागी १२५ चे जेट बसविले तर व्यास वाढला अवघा ०.०५ मिलिमीटर, म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढा. पण भोकाचे क्षेत्रफळ वाढले साडेआठ टक्के. गाडीची धाप या एका केसाने जाऊ शकते. हाच केस भलतीकडे गेला तर प्लग काळा पडतो, पेट्रोल वाया जाते आणि पीयूसीच्या नळीपुढे आपली मान खाली जाते. जुन्या चारचाकीला स्थिर गतीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, २००० सालच्या मार्चपूर्वीच्या दुचाकीला ४.५ टक्के. म्हणून कारागिराने काम संपविल्यावर धुराचे मोजमाप करून द्यावे, असे आम्ही आधीच ठरवून घेतो.

या व्यवहाराची कसोटी कोठे लागते हे पाहावयाचे तर क्षणभर भंडाऱ्याबाहेर जावे लागेल. फेलिक्स वँकेल या जर्मन संशोधकाच्या कल्पनेवरचे फिरते यंत्र १९५७ साली एनएसयू कारखान्यात प्रथम चालले. जपानच्या माझदाने ते १९६७ साली कॉस्मो स्पोर्टमध्ये आणि १९७८ साली आरएक्स-७ मध्ये घातले. यात पिस्टन नाही. तीन कोनांचा एक गोळा आतल्या आत फिरतो आणि त्याच्या तिन्ही कोनांवर धातूच्या अरुंद पट्ट्या असतात. त्या पट्ट्यांना तेल मिळावे म्हणून एक छोटा पंप कार्बोरेटरातच थेंब थेंब तेल सोडतो. आज त्या जुन्या गाड्यांचे शौकीन छोट्या कारागिरांकडून मूळचा निक्की कार्बोरेटर वाढवून घेतात, किंवा वेबर जातीचा बसवून घेतात. आता कल्पना करा, नव्या कार्बोरेटरास तेलाची वाट ठेवलेलीच नाही, आणि हे घेणाऱ्यास कोणी सांगितले नाही. पट्ट्या कोरड्या चालतात, झिजतात, आणि सारे यंत्र उघडावे लागते. वस्तू उत्तम असते, कारागीरही प्रामाणिक असतो, "पंप ठेवला आहे, की पेट्रोलात तेल मिसळता?" एवढा एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो. ज्यांनी राजदूत चालविली आणि पंपावर उभे राहून ऑइल मोजून घातले, त्यांस हे अधिक सांगावयास नको.

कार्बोरेटर घेताना आपण वस्तू विकत घेत आहोत असे समजू नये. आपल्या यंत्राविषयी कारागिराने केलेला निर्णय आपण विकत घेत असतो, आणि आपण जी माहिती देऊ तिच्यापेक्षा तो निर्णय चांगला होऊ शकत नाही. "मुख्य जेट कोणते आहे, बोअर वाढविला आहे काय, सायलेन्सर मूळचा आहे काय, एअर फिल्टर कोणता, गाडी साकोलीच्या हमरस्त्यावर धावते की बाजारात घुटमळते?" असे जो विचारतो त्याच्याकडे निःशंक जावे. जो काही न विचारता "दोन दिवसांनी घेऊन जा" म्हणतो त्याच्याकडे स्वस्तातही जाऊ नये.

आमच्या एका जुन्या गाडीसाठी दूरच्या शहरातून घडवून आणलेला कार्बोरेटर टपालाने आला तो अगदी चकचकीत. उघडून पाहतो तो जेटवरचा आकडा घासून टाकलेला, भोक हाताने वाढविलेले. फोन करून विचारले तर उत्तर मिळाले, "साहेब, गाडी चालते ना?" गाडी चालत होती. हाताने वाढविलेले भोक वाईटच असते असे नाही. कसबी माणसाचा हात पुष्कळदा कारखान्याहून सरस असतो. परंतु आकडा गेला की परतीची वाट गेली. पुढच्या मिस्त्रीस काहीच कळत नाही. तेव्हापासून प्रत्येक जेटचा आधीचा आणि नंतरचा आकडा, फ्लोटची उंची आणि बदललेले भाग एका कागदावर लिहून मागावयाचे, आणि जुने भाग पुडीत बांधून परत घ्यावयाचे, असा आमचा शिरस्ता झाला आहे.

तयार माल घ्यावा की आपलाच द्यावा? आम्ही आपलाच देण्याच्या मताचे आहोत. भंडारा हे पितळेचे गाव. जर्मन आणि स्टेनलेसची भांडी आली, आणि घराघरांतून कल्हईवाल्याची हाक गेली; पण ज्यांनी ती हाक ऐकली आहे त्यांस आठवेल की कल्हईला दिलेले पातेले तेच परत येत असे, त्याचा पोचा ओळखीचा असे. कार्बोरेटराचेही तसेच आहे. जुन्या कार्बोरेटरात पुष्कळदा दोष जेटचा नसतोच. थ्रॉटलचा दांडा ज्या भोकात फिरतो ते भोक वर्षानुवर्षे झिजून अंडाकृती होते, तेथून चोरटी हवा आत शिरते, आणि मग स्क्रू किती फिरविले तरी गाडी स्थिर धडधडत नाही. यावर उपाय एकच: भोक सरळ करून त्यात पितळेची बुश ठोकणे. चांगल्या खरादीवाल्याचे हे काम आहे. दुकानातील रिपेअर किटमध्ये पॅकिंग आणि सुई मिळते, ही बुश मिळत नाही. अनोळखी तयार मालात ती बसविली आहे की वरून नुसता रंग मारला आहे, हे बाहेरून समजत नाही.

किमतीविषयी घासाघीस करणाऱ्यांस आमचे एकच सांगणे आहे. पैसे बुशचे नसतात, ती बसविल्यावर गाडी तीनदा रस्त्यावर नेऊन आणण्याचे असतात. ती फेरी कापली की काम कापले गेले. आगाऊ रक्कम द्यावी, पण सारी देऊ नये. शे-दोनशे किलोमीटर चालवून, प्लग काढून त्याचा रंग पाहावा. तांबूस-बदामी असला तर उरलेले पैसे हसत द्यावेत. पांढराफटक असला तर त्याच दिवशी परत न्यावे, कारण ते यंत्र आतून तापते आहे.

एक गोष्ट हवामानाची. आपला वैशाख म्हणजे काय ते आपणांस सांगावयास नको. पारा ४५ अंशांवर गेला की बंद केलेल्या गाडीच्या कार्बोरेटरात पेट्रोल उकळू लागते आणि दुपारी गाडी उठत नाही. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये बेकेलाइटचा जो जाड तुकडा असतो तो उष्णता अडविण्यासाठीच असतो. दुरुस्तीत तो पुष्कळदा हरवतो, तो परत बसला की नाही हे पाहून घ्यावे. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल काढून टाकावे. एथेनॉल हवेतील ओल धरते, त्या ओलीने जस्ताच्या अंगावर पांढरी भुकटी येते, आणि ती भुकटी नेमकी त्या केसाएवढ्या भोकात जाऊन बसते. पेट्रोलचा नळ बंद करून गाडी आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवली की वाटी बरीचशी रिकामी होते. मारुतीला असा नळ नाही, तिच्यासाठी मिस्त्रीस बोलवावे लागेल.