शमीच्या मुळाशी
(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात झालेले भाषण)



इंदूर असो, बडोदे असो वा हैदराबाद. जेथे मराठी घर आहे तेथे दसऱ्याच्या सायंकाळी आपट्याची पाने सोने म्हणून दिली जातात आणि शमीचे पूजन होते. आपट्याची कथा गुरुदक्षिणेची आहे. वरतंतूंचा शिष्य कौत्स चौदा कोटी सुवर्णमुद्रांसाठी रघुराजाच्या दारी आला आणि कुबेराने आपट्यावर सोन्याचा वर्षाव केला. शमीची कथा पांडवांच्या अज्ञातवासाची. त्यांची शस्त्रे तिने वर्षभर जपली. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे दोन्ही वृक्ष एकाच, शेंगा धरणाऱ्या कुळातले. परंतु जमिनीखाली त्यांच्यात मोठा भेद आहे. शमीच्या मुळांवर जिवाणूंच्या गाठी धरतात, आपट्याच्या मुळांवर धरत नाहीत. सोने म्हणून वाटला जाणारा वृक्ष आणि मातीला धनवान करणारा वृक्ष हे असे निराळे आहेत.

हे धन म्हणजे नत्र. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्रवायूचाच असतो; तरीही एकाही वनस्पतीला तो थेट घेता येत नाही. त्याच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने घट्ट जखडलेले असतात. प्रथिनांसाठी, हरितद्रव्यासाठी, प्रत्येक पेशीतील जनुकांसाठी नत्र लागतो, आणि नत्राच्या महासागरात उभे असलेले झाड त्याच्या एका घोटासाठी तहानलेले राहते. हा बंध तोडून अमोनिया तयार करण्याची रीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये दाखवली आणि १९१३ मध्ये जर्मनीतील ओप्पाऊ येथे तिचा कारखाना उभा राहिला. त्या रीतीला सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या दोनशे पटींच्या आसपास दाब लागतो. मुळावरच्या गाठीत तेच काम मातीच्या नेहमीच्या तापमानात, निःशब्दपणे चालते.

हे रहस्य उलगडले त्याला फार काळ लोटलेला नाही. हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी १८८६ मध्ये दाखवून दिले की, शेंगावर्गीय वनस्पतींना हवेतील नत्र मिळतो तो मुळांवरील गाठींमुळे. १८८८ मध्ये हॉलंडचे बायरिंक यांनी त्या गाठींतील जिवाणू वेगळे करून वाढवले. रायझोबियम हे त्यांतील सर्वांत परिचित नाव.

या सख्याचा आरंभ एका निरोपाने होतो. मूळ मातीत काही विशिष्ट द्रव्ये सोडते. ती ओळखणारे जिवाणू उलट स्वतःचे रासायनिक उत्तर पाठवतात. जुळणी झाली तर मुळावरील सूक्ष्म केस वाकतो, जिवाणूंना कवेत घेतो आणि आत जाण्यासाठी एक बारीक नळीसारखी वाट तयार होते. मुळाच्या पेशी वाढून गाठ बनते. झाड पानांत तयार झालेली साखर खाली पाठवते. जिवाणू अमोनियाच्या रूपाने नत्र देतात. हा व्यवहार स्वस्त नाही. नत्राचा एक रेणू फोडण्यासाठी ऊर्जावाहक एटीपीचे किमान सोळा रेणू खर्ची पडतात आणि ती ऊर्जा झाडाच्या साखरेतूनच येते. म्हणून मातीत आधीच भरपूर नत्र असला, उदाहरणार्थ युरियाचा मारा झाला, तर झाड गाठी धरणे कमी करते.

यात आणखी एक अडचण आहे. नत्र फोडणारे विकर प्राणवायूने निकामी होते. पण जिवाणूंना श्वसनासाठी प्राणवायू तर हवाच. ही अडचण लेगहिमोग्लोबिन नावाचे प्रथिन सोडवते. मानवी रक्तातील हिमोग्लोबिनचे ते नातलग. ते प्राणवायू धरून ठेवते आणि मोजून मापून पुरवते. त्यामुळेच काम करणारी गाठ नखाने फोडली तर आत गुलाबी दिसते. आत पांढरी किंवा हिरवट दिसली, तर तिचे काम सुरू झालेले नाही किंवा संपले आहे, असे समजावे. मुलांना हे दाखवायला प्रयोगशाळा लागत नाही. कुंडीतले मुगाचे रोप पुरते.

शेंगा आल्या म्हणजे गाठी आल्याच, असे मात्र नाही. बाभूळ, शिरीष, करंज, पांगारा, हादगा यांच्या मुळांवर गाठी धरतात. आपट्याप्रमाणेच चिंच, बहावा आणि गुलमोहर यांच्यावर त्या आढळत नाहीत. शिवाय गाठी धरणाऱ्या झाडालाही योग्य जिवाणू मातीत भेटावा लागतो. तो नसेल तेथे बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळून पेरावे लागते.

या सख्याचे मोल थरच्या वाळवंटात कळते. तेथे शमीला खेजडी म्हणतात. तिचे मूळ फार खोल जाते आणि ऐन उन्हाळ्यात तिला नवी पालवी फुटते. शेतकरी ती शेतातच राखतात आणि तिच्याभोवती बाजरी, मूग, मटकी, गवार पेरतात. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेच्या अभ्यासात खेजडीखालच्या मातीत उघड्या रानापेक्षा सेंद्रिय द्रव्य आणि नत्र अधिक आढळले आहे. हे सारे केवळ गाठींचे श्रेय नव्हे. कोरड्या वरच्या थरात गाठी सहज सापडतही नाहीत. ओल असते तेथेच त्या धरतात. गळलेला पाला, खोलातून वर आणलेली पोषणद्रव्ये आणि सावलीला बसणाऱ्या गुरांचे शेण यांचाही त्यात वाटा आहे.

येथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. गाठीतला नत्र झाड प्रथम स्वतःसाठी वापरते. मातीला तो बव्हंशी नंतर मिळतो. पान गळून कुजते, मूळ झिजते, पाला खाल्लेल्या शेळीची लेंडी शेतात पडते तेव्हा. शेंगावर्गीय झाड लावले आणि त्याचा पाला दरवर्षी गोळा करून जाळला, तर झाडाने हवेतून कमावलेले पुष्कळसे धन धुराबरोबर पुन्हा हवेत जाते. अंगणातला पाचोळा हा कचरा नव्हे, ती झाडाची परतफेड आहे.

जोधपूरजवळच्या खेजडली गावी १७३० मध्ये राजाची माणसे खेजडी तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी झाडाला मिठी मारून उभ्या राहिल्या. त्यांच्यासह ३६३ बिष्णोई स्त्रीपुरुषांनी प्राण दिले. १९८३ मध्ये खेजडी राजस्थानचा राज्यवृक्ष झाली. तरीही गेल्या काही वर्षांत बिकानेरच्या परिसरात सौर प्रकल्पांसाठी खेजडी तोडल्या गेल्या आणि गावकऱ्यांना पुन्हा विरोधात उभे राहावे लागले. सूर्याची वीज हवीच. पण खेजडीच्या प्रत्येक पानातही सूर्याचीच ऊर्जा साखर होऊन मुळाशी उतरत असते. एक मिळवताना दुसरी गमावली, तर हिशेब चुकतो. नवे रोप लावले तरी तेवढी खोल मुळे धरायला एक पिढी जावी लागते.

साठ वर्षांच्या शाळेच्या मेळाव्यात झाडाच्या मुळांची गोष्ट सांगण्याचे प्रयोजन वेगळे सांगायला नको. कौत्साने सोने आणले, ते एकदाच. शमीची दक्षिणा दरवर्षीची आहे. तिची पाने ज्या मातीतून वर आली त्याच मातीत पडतात. येत्या दसऱ्याला मुलांच्या हाती आपट्याचे पान देताना त्यांना शमीची ही गोष्टही सांगावी, आणि जमले तर तिचे एक रोप लावावे. त्याचा पाला मात्र जाळू नये, बुंध्याशीच पडू द्यावा.