मोटारीचा विमा आणि भरपाईचा विलंब

इंदूरहून उज्जैनकडे जाताना वाटेत सांवेर लागते. उलट्या हनुमंताच्या मंदिरामुळे हे गाव यात्रेकरूंना परिचित आहे. तहसिलीचे ठिकाण असल्यामुळे आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्यांचाही तेथे नित्य राबता असतो. महाकालाच्या दर्शनाला निघालेल्या मोटारी, सोयाबीनने भरलेले ट्रॅक्टर आणि दुचाक्या या एकाच रस्त्याने धावतात. अशा रस्त्यावर एखादी मोटार आदळली, तर माणसे सुखरूप राहिली तरी मालकाची चिंता संपत नाही. मोटार इंदूरच्या गॅरेजमध्ये जाऊन पडते. कर्जाचा मासिक हप्ता चालूच राहतो, दुरुस्तीचा आकडा वाढत जातो, आणि विमा कंपनीकडून ‘प्रकरण विचाराधीन आहे’ एवढेच उत्तर मिळत राहते.

विम्याचा हप्ता वेळेवर भरणाऱ्या मनुष्याला हा विलंब अन्यायाचा वाटावा, हे स्वाभाविक आहे. तथापि त्याची कारणे समजून घेतल्यावाचून त्यावर उपाय करता येत नाही.

मोटारीच्या विम्याचे दोन भाग असतात. अपघातात दुसऱ्या कोणास इजा वा मृत्यू आल्यास त्याची भरपाई करणारा भाग सक्तीचा आहे. १९३९ च्या मोटार कायद्यातील ही सक्ती १९४६ पासून अमलात आली आणि १९८८ च्या कायद्याने ती कायम ठेवली. अशा भरपाईचा निर्णय मोटार अपघात दावा न्यायाधिकरण करते. स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक असून त्याची मागणी थेट कंपनीकडे करावी लागते. केवळ सक्तीचा विमा उतरविलेल्या मालकाला स्वतःच्या मोटारीच्या दुरुस्तीसाठी काहीच मिळत नाही, ही गोष्ट अनेकांना अपघातानंतरच कळते.

नुकसानीची मागणी आली म्हणजे कंपनी सर्वेक्षक नेमते. तो मोटार पाहतो, मोडलेल्या भागांची नोंद करतो आणि देय रक्कम ठरवितो. येथेच बहुधा घोटाळा होतो. सर्वेक्षक येण्यापूर्वीच मोटार उघडली जाते, किंवा गॅरेजचा अंदाज आणि सर्वेक्षकाचा अंदाज जुळत नाही. रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर सामान्यतः निम्मी घट धरली जाते, काचेवर मुळीच धरली जात नाही. हे ठाऊक नसल्यामुळेही वाद वाढतो. चालकाचा परवाना संपलेला असणे, किंवा खासगी म्हणून नोंदलेली मोटार भाड्याने उज्जैनला नेलेली असणे, ही कारणे तर अधिक गंभीर होत. तथापि भाड्याने नेलेल्या मोटारींच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने २००८ व २०१० सालच्या निकालांत मागणी समूळ नाकारू दिली नाही. काही कपात करून भरपाई देण्याचा मार्ग मान्य केला.

विलंबाला आळा घालण्यासाठी विमा नियामकाने २०२४ साली मुदती आखून दिल्या. सूचना मिळाल्यापासून २४ तासांत सर्वेक्षक नेमावा, नेमणुकीपासून १५ दिवसांत त्याचा अहवाल मिळवावा आणि अहवालानंतर ७ दिवसांत निर्णय द्यावा, असा तो दंडक आहे. केवळ कागदपत्रांच्या अभावी मागणी फेटाळता येत नाही. कंपनीच्या दिरंगाईबद्दल बँक-दरापेक्षा दोन टक्के अधिक दराने व्याज देण्याचीही तरतूद आहे. मालकाकडून सूचना देण्यास उशीर झाला तरी सारे संपले असे नव्हे. मोटारचोरीच्या एका प्रकरणात, पोलिसांत फिर्याद तत्काळ दिलेली असताना कंपनीला उशिरा कळविले एवढ्याच कारणाने भरपाई नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले.

परंतु ही घड्याळे लागू होतात ती सूचनेपासून, म्हणून ती लेखी असणे हिताचे. दूरध्वनीवर झालेले बोलणे आणि मध्यस्थाचे ‘होऊन जाईल’ हे आश्वासन पुढे पुराव्याला उपयोगी पडत नाही. म्हणून अपघात होताच मोटारीची व जागेची छायाचित्रे घ्यावीत. त्याच दिवशी कंपनीला कळवून मागणीचा क्रमांक घ्यावा. कागद देताना पोच घ्यावी, आणि काही उणीव असल्यास ती एकदाच व लेखी कळविण्याचा आग्रह धरावा. सर्वेक्षणापूर्वी दुरुस्तीस हात लावू देऊ नये.

एवढे करूनही उत्तर न आल्यास कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान न झाल्यास मध्य प्रदेशातील विमेदारासाठी भोपाळ येथे विमा लोकपालाचे कार्यालय आहे. तेथे शुल्क लागत नाही, वकिलाचीही गरज नसते. तक्रार मात्र एक वर्षाच्या आत करावी लागते. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. त्याची मुदत दोन वर्षांची असून, २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. म्हणजे सांवेरच्या मनुष्याला इंदूरपलीकडे जाण्याचे कारण उरत नाही. एकाच वेळी दोन्ही दारे मात्र ठोठावता येत नाहीत.

विमा हा उपकार नसून करार आहे. कंपनीने आपल्या मुदती पाळाव्यात, हे त्या कराराला धरूनच आहे. आणि त्या पाळल्या गेल्या नाहीत हे दाखविण्यासाठी विमेदाराच्या हाती तारखांचे कागद असावे लागतात. ज्याच्या घरी पोचपावत्यांची एक साधी फाईल आहे, त्याला कंपनीच्या दारी याचक म्हणून उभे राहावे लागत नाही.